मोटारीची नाडीपरीक्षा

कांहीं वर्षांपूर्वीं एका पेट्रोलपंपावरील तक्रारवहींत मीं एक तक्रार लिहिली. अक्षर ठसठशीत होतें, भाषा कडक होती आणि खालीं माझी सही होती. या पंपावर पाणी मिसळलेलें पेट्रोल मिळतें, असा तिचा आशय. ती लिहून मी मोठ्या समाधानानें घरीं आलों; कारण एका जागरूक नागरिकाचें कर्तव्य आपण बजावलें, असें मला वाटत होतें. त्या तक्रारींत तथ्य मुळींच नव्हतें, हें मला दोन महिन्यांनीं कळलें. दोष पेट्रोलांत नव्हता, पंपावर नव्हता. तो माझ्या मोटारींत होता. आणि त्याहून मोठा दोष माझ्या निदान करण्याच्या रीतींत होता. आजच्या भाषणाचा विषय मोटारीच्या एंजिनाचें आणि इंधनयंत्रणेचें घरगुती निदान हा आहे. त्या चुकीची हकीकत मी ओघानें सांगणारच आहें. परंतु त्यापूर्वीं निदानाची सरळ वाट कोणती, तें आपण पाहूं.

आज आपल्यापैकीं पुष्कळांच्या दारीं मोटार उभी असते; पण तिच्या पोटांत काय चालतें हें पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. पुढचें झांकण उघडलें तर काळ्या प्लॅस्टिकचें आणखी एक झांकण दिसतें, आणि “आतां सारें संगणकाचें राज्य आहे, घरच्या माणसानें हात लावूं नये,” असा उपदेश ऐकूं येतो. हात लावूं नये, हें पुष्कळ अंशीं खरें आहे. परंतु डोळे, कान, नाक आणि विचार यांनाहि बंदी आहे, असें मात्र नाहीं. आपले जुने वैद्य रोग्याची परीक्षा दर्शनानें, स्पर्शनानें आणि प्रश्नानें करीत. मोटार बोलत नाहीं म्हणून प्रश्न तिला न विचारतां स्वतःला विचारावे लागतात, एवढाच काय तो फरक.

घरच्या माणसानें मोटारीचें दुखणें ओळखावें, ही गोष्ट मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील बर्था बेंझ ही गृहिणी आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगतां, त्यानेंच बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइम या आपल्या माहेरच्या गांवीं निघाली. अंतर सुमारें शंभर किलोमीटर होतें, आणि इतका लांबचा प्रवास मोटारीनें तोपर्यंत कोणीं केलेला नव्हता. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, तेव्हां तिनें आपल्या टोपीची पिन काढून ती मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचें आवरण झिजलें, तेव्हां मोज्याचा पट्टा गुंडाळून तें काम भागविलें. इंधन संपत आलें, तेव्हां वीसलोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून लिग्रॉइन नांवाचा द्रव विकत घेतला. त्या काळीं पेट्रोलपंप नव्हते आणि मिस्त्रीहि नव्हते. आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, नळी तुंबली असतां तिनें तारेला हात लावला नाहीं, आणि तार उघडी पडली असतां नळी उपटली नाहीं. काय अडलें आहे, हें तिनें आधीं ओळखलें.

आतां, एंजिनाचें असें काय काय अडूं शकतें? निकोलाउस ओटो यानें १८७६ सालीं चार आघातांचें एंजिन सिद्ध केलें, तेव्हांपासून पेट्रोलच्या एंजिनाच्या मूलभूत गरजा बदललेल्या नाहींत. दट्ट्या खालीं येतांना हवा आणि इंधन आंत ओढलें जातें. वर जातांना तें मिश्रण दाबलें जातें. ठिणगी पडते आणि तें पेटून दट्ट्या खालीं ढकलला जातो. शेवटीं जळका वायु बाहेर टाकला जातो. म्हणजे हवा, इंधन, ठिणगी आणि दाब या चार गोष्टी योग्य प्रमाणांत आणि योग्य क्षणीं मिळाल्या कीं एंजिन चाललेंच पाहिजे. शुद्ध पेट्रोलाच्या एका वजनी भागास पूर्ण जळण्यासाठीं सुमारें १४.७ भाग हवा लागते. आपल्याकडे २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें आणि २०२५ सालीं तें देशभर पसरलें. त्या मिश्रणास सुमारें साडेतेरा भाग हवा पुरते. इंधन याहून फार अधिक झालें तर मिश्रण ‘श्रीमंत’ होतें, धूर काळा येतो आणि प्लग ओले होतात. हवा अधिक झाली तर मिश्रण ‘गरीब’ होतें, एंजिन अडखळतें आणि जोर धरीत नाहीं.

ही चौकट मनांत धरून आपण मोटारीपाशीं जाऊं. सकाळीं कामाच्या घाईंत मोटार सुरू होत नाहीं. अशा वेळीं “बिघडली” हा शब्द उच्चारूं नये. कारण त्या शब्दानें कांहींच कळत नाहीं. पहिला प्रश्न असा विचारावा : स्टार्टर एंजिनाला फिरवितो कीं नाहीं? चावी फिरवितांच नुसता ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज आला आणि समोरचे दिवे मंदावले, तर पेट्रोलाचा विचार करण्याचें कारणच नाहीं. बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या टोंकांवर पांढरा-हिरवा क्षार जमून तारा सैल झाल्या आहेत, असें समजावें. घरीं साधें व्होल्टमापक असल्यास रात्रभर उभ्या असलेल्या चांगल्या बॅटरीवर तें १२.६ च्या आसपास आंकडा दाखवितें, १२.२ म्हणजे बॅटरी सुमारें अर्धी रिकामी झाली. एंजिन चालू असतां बहुतेक गाड्यांत हा आंकडा साडेतेरा ते साडेचौदा असावा. तो वर चढत नसेल, तर बॅटरीला दोष देण्यापूर्वीं ती भरणाऱ्या आल्टरनेटरकडे पाहावें. मूल आजारी दिसलें, तर तें जेवलें कीं नाहीं हें आधीं विचारतात, तसाच हा प्रकार आहे.

स्टार्टर एंजिनाला जोमानें फिरवितो, पण एंजिन पेट घेत नाहीं, असें असेल तर दुसरा प्रश्न : इंधन पोंचतें का? यासाठीं नळी सोडण्याची गरज नाहीं; कान पुरे होतो. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंधनाचा पंप टाकींतच, मागील आसनाखालीं असतो. घरांतील दुसऱ्या माणसास मागें बसवावें, रेडिओ आणि पंखा बंद करावा, आणि चावी दिवे लागतील इतकीच फिरवावी. मागून दोनएक सेकंद मंद गुंजारव ऐकूं येतो. तो आला तर पंपाला वीज मिळते आणि तो फिरतो, एवढें ठरलें. तो पुरेसा दाब देतो कीं नाहीं, हें मात्र त्यावरून ठरत नाहीं. त्याला दाबमापक लागतें आणि तें काम मिस्त्रीचें. कांहींच ऐकूं आलें नाहीं, तर पंप जळाला असें लगेच म्हणूं नये. फ्यूजच्या पेटींत पाहावें. त्याच पेटींत पंपाचा रिले असतो, आणि पुष्कळ गाड्यांत भोंग्याचाहि तशाच जातीचा रिले असतो. दोन्हींवर एकच क्रमांक छापलेला असेल, तर चावी बंद करून त्यांची अदलाबदल करावी. पंप बोलूं लागला आणि भोंगा मुका झाला, तर हजारों रुपयांच्या पंपाऐवजीं अल्प किंमतीच्या एका तुकड्यावर काम भागलें.

तिसरा प्रश्न ठिणगीचा. प्लग काढून तो एंजिनाला टेकवून ठिणगी पाहण्याची जुनी रीत आजच्या गाडींत वापरूं नये. तिच्या विजेचा दाब हजारों व्होल्ट असतो, जवळच पेट्रोलाची वाफ असते, आणि नाजूक विद्युत्‌-भागांना त्यामुळें इजा होते. पण एंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढून त्याचें तोंड पाहण्यास हरकत नाहीं. फिकट तपकिरी किंवा करडा रंग प्रकृति चांगली असल्याचें सांगतो. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन अधिक झालें. पेट्रोलानें ओला असेल तर इंधन आलें, पण पेटलें नाहीं. तेलकट असेल तर वंगण ज्वलनाच्या जागीं शिरतें आहे. पांढराफटक आणि फोड आलेला असेल, तर आंत उष्णता अति झाली. चारहि प्लग काढून क्रमानें कागदावर मांडावे. तीन सारखे आणि एक निराळा असेल, तर दुखणें त्या एका सिलिंडरचें आहे; चारहि एकाच रंगाचे बिघडले असतील, तर दुखणें सर्वांना सामाईक अशा ठिकाणीं आहे. एवढ्या एका निरीक्षणानें शोधाचें क्षेत्र पुष्कळ लहान होतें.

धुराचीहि अशीच भाषा आहे. निळसर धूर वंगण जळत असल्याचा आणि काळा धूर अधिक इंधनाचा. थंडीच्या सकाळीं नळकांड्यांतून येणारी पांढरी वाफ ही नुसती वाफ होय. ती थोड्या वेळानें नाहींशी होते. मात्र एंजिन तापल्यावरहि दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि थंडाव्याचें पाणी कमी होत असलें, तर तें पाणी सिलिंडरांत शिरत आहे असें समजून गाडी जागच्या जागीं थांबवावी.

येथें जुन्या गाड्यांविषयीं दोन शब्द बोललें पाहिजेत, कारण आपल्या पुष्कळशा समजुती त्यांच्यापासून आल्या आहेत. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ सालच्या ऑक्टोबरपर्यंत टॅक्सी म्हणून धांवलेली प्रीमियर पद्मिनी अनेकांना आठवत असेल. तिचा इंधनपंप एंजिनाच्या अंगालाच बसविलेला असे, आणि तो टाकींतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला पुरवी. मे महिन्यांत खंडाळ्याचा घाट चढतांना एंजिनाच्या उष्णतेनें नळींतील पेट्रोलाचीच वाफ होई. द्रव ओढण्यासाठीं केलेल्या पंपाला वाफ ओढतां येत नसे, आणि गाडी उभी राही. मग चालक ओलें फडकें पंपावर गुंडाळी, मंडळी झाडाखालीं शिदोरी सोडीत, आणि अर्ध्या घटकेनें गाडी निमूटपणें चालूं लागे. तो उपाय अचूक होता, कारण निदान अचूक होतें. पण आजच्या गाडींत पंप टाकींत असतो आणि नळींतील पेट्रोल वातावरणाच्या कित्येक पट दाबाखालीं असल्यामुळें त्याची वाफ सहजीं होत नाहीं. अशी गाडी तापून बंद पडली, तर ओल्या फडक्याचा उपयोग नाहीं. तापल्यावर दगा देणारा एखादा विद्युत्‌-भाग शोधावा लागतो. लक्षण तेंच, पण रोग निराळा.

आजच्या गाडींत आणखी एक सोय आहे. समोरच्या तबकडींत एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा असतो. तो स्थिर लागला, तर गाडी सावकाश घरीं आणून तपासावी. तो लुकलुकूं लागला, तर एखाद्या सिलिंडरांत ठिणगी चुकते आहे आणि न जळलेलें पेट्रोल धुराच्या मार्गांतील शुद्धीकरण-पात्र जाळीत आहे, असें समजावें. अशा वेळीं वेग कमी करून गाडी थांबवावी. तेलाच्या चंबूचा लाल दिवा लागला, तर मात्र विचार न करतां त्याच क्षणीं एंजिन बंद करावें. पिवळ्या दिव्याचें कारण संगणक सांकेतिक आंकड्यांत लिहून ठेवतो. सुकाणूखालीं सोळा टोंचण्यांचा एक सांधा असतो. त्यास लहानसें वाचनयंत्र जोडलें कीं तो आंकडा भ्रमणध्वनीवर दिसतो.

परंतु या आंकड्यानें पुष्कळांची दिशाभूल केली आहे. आंकडा तक्रार कोठून आली तें सांगतो. अपराधी कोण तें सांगत नाहीं. उदाहरणार्थ, पी ०१७१ हा आंकडा मिश्रण गरीब असल्याचें सांगतो. आतां तें एखादी रबरी नळी तडकून चोरट्या वाटेनें हवा शिरल्यामुळें असेल, पंप थकल्यामुळें असेल, किंवा हवा मोजणारें उपकरण मळल्यामुळें असेल. तिन्ही भाग एकदम बदलणें म्हणजे तीन संशयितांना एकदम तुरुंगांत घालणें होय. पी ०३०१ हा आंकडा पहिल्या सिलिंडरांत ज्वलन चुकतें असें सांगतो. ज्या गाडींत प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वेगळी कॉइल असते, तेथें एंजिन आणि चावी बंद करून पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल करावी, आणि जुना आंकडा पुसून गाडी पुन्हां चालवावी. आतां पी ०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर चालत गेला, अपराधी सांपडला. पी ०३०१ च आला, तर कॉइल निर्दोष; मग प्लग, इंजेक्टर आणि दाब यांकडे वळावें. कांहींहि विकत न घेतां मिळालेलें हें उत्तर आहे. एका वेळीं एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहावा, हा नियम येथें जितका लागू आहे तितका इतर व्यवहारांतहि आहे.

आतां माझी हकीकत. माझी गाडी दहाएक वर्षांची आहे. एका पावसाळ्यांत असें होऊं लागलें कीं, पंपावर पेट्रोल भरून चावी फिरवावी, तर गाडी सुरू होईना. तीनचार प्रयत्नांनंतर ती खोंकत, थरथरत सुरू होई. मागें काळसर धूर आणि पेट्रोलाचा वास येई. आणि पांच मिनिटांनीं कांहींच झालें नाहीं अशा थाटांत ती चालूं लागे. पावसाचे दिवस, आणि नेमकी पेट्रोल भरल्यावरच तक्रार. पाणी मिसळलें आहे, याहून सोपा निष्कर्ष कोणता? इथेनॉल पाणी ओढून घेतें, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलें कीं दोन्ही पेट्रोलापासून वेगळीं होऊन तळाशीं बसतात, हें मीं वाचलेलें होतें. अर्धवट ज्ञानाला असा आधार मिळाला, कीं तें फार धीट होतें.

तिसऱ्या वेळीं मी पंपावरील मुलाशीं भांडलों. त्यानें निमूटपणें गाळणकागद आणून दिला. हा कागद मागण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकास आहे. त्यावर पेट्रोलाचा एक थेंब टाकला कीं, तें शुद्ध असल्यास दोनएक मिनिटांत उडून जातें आणि डाग उरत नाहीं. डाग उरला नाहीं. त्यानें घनतेचा आंकडाहि दाखविला. तो नोंदींशीं जुळत होता. तरी मी म्हणालों, “अरे, हे सगळे देखावे आहेत,” आणि तक्रारवही मागितली. पुढें गॅरेजांत आधीं प्लग बदलले, मग इंधनाचा पंप बदलला. खर्च बराच झाला. गाडीचें वागणें तसूभरहि बदललें नाहीं.

तेव्हां माझ्या मुलीनें एक वही काढली. ती वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. यंत्राचें तिला विशेष ज्ञान नाहीं, पण हिशेब लिहिण्याची संवय आहे. तारीख, पंप कोणता, पेट्रोल किती, एंजिन गरम कीं थंड, कितव्या प्रयत्नांत सुरू झालें, असे रकाने तिनें पाडले. तीन आठवड्यांत त्या वहीनें मला जें सांगितलें, तें दोन महिन्यांच्या रागानें सांगितलें नव्हतें. तीन निरनिराळ्या पंपांवर तक्रार सारखीच होती. टाकी पूर्ण भरली कीं त्रास अधिक, दोन लिटर घेतलें कीं थोडा. एके दिवशीं आम्ही पंपावर नुसती चाकांत हवा भरण्यासाठीं थांबलों. एंजिन तितकेंच तापलेलें होतें, तितकाच वेळ बंद होतें. आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. म्हणजे उष्णता अपराधी नव्हती, पंपाचा मालक अपराधी नव्हता. टाकी भरण्याच्या क्रियेशींच त्याचा संबंध होता.

मी म्हणालों, “पण मग पाणी?” ती म्हणाली, “बाबा, टाकींत पाणी गेलं असेल तर पांच मिनिटांत जाईल कुठं? शिवाय आत्तां भरलेलं पेट्रोल अजून टाकींतच आहे. टाकीपासून एंजिनापर्यंतची सारी नळी जुन्या पेट्रोलनं भरलेली आहे. नवं पेट्रोल पोंचायच्या आधींच गाडी अडते, तर दोष त्याचा कसा?” या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. असा प्रश्न मला स्वतःला सुचावयास हवा होता.

वही घेऊन आम्ही दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलों. त्यानें ती वाचली, आणि एंजिन थंड असतां तें मंद गतीनें चालू करून एका लहानशा झडपेची, कोळशाच्या डब्याकडून येणारी नळी सोडली व त्या तोंडावर बोट ठेवलें. बोट ओढलें गेलें. “ही आत्तां बंद असायला हवी,” तो म्हणाला, “ही सदा उघडी राहिली आहे.” त्याचें कारण असें. टाकी भरतांना तिच्यांतील पेट्रोलाची वाफ बाहेर ढकलली जाते. ती हवेंत जाऊं नये म्हणून सच्छिद्र कोळशाच्या एका डब्यांत शोषून ठेवतात. एंजिन तापून नीट चालूं लागल्यावर संगणक ही झडप थोडीथोडी उघडून ती वाफ एंजिनाला जाळण्यास देतो. माझ्या गाडींतील झडप उघडीच अडकली होती. त्यामुळें टाकी भरली कीं वाफेचा लोंढा सरळ एंजिनांत शिरे, मिश्रण अति श्रीमंत होई, आणि ठिणगीला तें पेटवितां येत नसे. सुरू करतांना पाय दाबला कीं गाडी लवकर पेट घेई, हें मीं पाहिलेलें होतें. पायानें अधिक हवा आंत जाते आणि मिश्रण पातळ होतें. म्हणजे पुरावा माझ्या पायाखालींच होता. एक लहान झडप बदलली. गाडी त्या दिवसापासून शहाणी झाली.

श्रोतेहो, घरगुती निदानाला मर्यादा आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. बंद गॅरेजांत एंजिन चालू ठेवूं नये. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाहीं आणि वासहि नाहीं. पेट्रोलाची वाफ हवेपेक्षां जड असून जमिनीलगत पसरते. म्हणून वास आला कीं काडी, शेगडी आणि विजेचीं बटणें यांपासून दूर राहावें, आणि गळती असेल तर गाडी सुरूच करूं नये. इंधनाची दाबाखालची नळी घरीं सोडूं नये. डीझेलच्या आधुनिक गाड्यांत हा दाब वातावरणाच्या हजारपटींहून अधिक असतो, आणि बारीक छिद्रांतून उडालेली धार कातडी भेदून आंत शिरते. नळी तोंडांत धरून पेट्रोल ओढण्याची जुनी खोड तर प्राणघातक आहे. तापलेल्या एंजिनाच्या पाण्याचें झांकण उघडूं नये. चुकीचें इंधन भरलें गेलें असेल, तर चावी न फिरवितां गाडी ओढून न्यावी. पेट्रोलांत पाणी असल्याचा खरा संशय असेल, तर मिस्त्रीकडून टाकीच्या तळचा नमुना स्वच्छ कांचेच्या बरणींत काढवून तो स्थिर ठेवावा. खालीं वेगळा थर बसला, तर तक्रार अवश्य करावी, आणि तो नमुना हातीं घेऊन करावी.

या मर्यादेंत राहून घरीं जें करतां येतें, तें पाहणें, ऐकणें, लिहून ठेवणें आणि क्रमानें विचार करणें एवढेंच आहे. मिस्त्रीपुढें “गाडी बिघडली” म्हणून उभें राहणारा ग्राहक आणि “टाकी भरल्यावरच, गरम एंजिनाला, तीनहि पंपांवर असें होतें” म्हणणारा ग्राहक, यांच्या देयकांत पुष्कळ अंतर पडतें. परंतु देयक ही या गोष्टींतील लहान बाब आहे.

गाडी दुरुस्त झाल्यावर मी त्या पंपावर गेलों. व्यवस्थापकांनीं सांगितलें कीं, माझ्या तक्रारीनंतर तपासणी होईपर्यंत त्या मुलाला आठ दिवस कामावर घेतलें नव्हतें. तपासणींत कांहीं निघालें नाहीं. परंतु गेलेले आठ दिवस गेले. मीं तक्रारवही पुन्हां मागितली आणि माझ्याच तक्रारीखालीं, तितक्याच ठसठशीत अक्षरांत, दोष माझ्या गाडीचा होता असें लिहून सही केली. मुलाची भेट घेतली आणि त्याच्या आठ दिवसांच्या मजुरीची रक्कम पुढें केली. ती त्यानें घेतली, आणि तें योग्यच झालें. मग त्यानें विचारलें, “साहेब, गाडीला झालं होतं तरी काय?” मीं त्याला कोळशाचा डबा आणि ती झडप समजावून सांगितली. तो लक्षपूर्वक ऐकत होता. “अशा गाड्या महिन्याला एकदोन येतात साहेब,” तो म्हणाला, “सगळे आम्हांलाच बोलतात. आतां मी त्यांना सांगेन.”

तें सांगण्याचें काम त्याच्या एकट्यावर पडूं नये, म्हणून हें भाषण केलें.